बांदोलचे तांबडे मद्य : एका द्राक्षवेलीचे पुनरागमन

काळ्या द्राक्षाचा एक मणी बोटांत धरून दाबला, तर त्यातून निघणारा रस जवळजवळ रंगहीन असतो. गर फिकट हिरवट असतो. काळेपणा असतो तो केवळ सालीत. तांबड्या द्राक्षमद्याचे शास्त्र या साध्या निरीक्षणापासून सुरू होते. द्राक्षे दाबून रस लगेच वेगळा काढला, तर काळ्या द्राक्षांपासूनही पांढरे मद्य तयार होऊ शकते. तोच रस काही तास सालींबरोबर राहू दिला, तर गुलाबी मद्य मिळते. आणि दोन-तीन आठवडे साली व बिया यांच्यासह आंबू दिला, तर तांबडे. म्हणजे तांबडे मद्य हे मुख्यतः सालीचे मद्य आहे. साल जाड की पातळ, ती कोणत्या उन्हात पिकली, वेलीवर घड किती होते, या गोष्टींवर त्याचा गुण अवलंबून राहतो.

आपल्याकडे मद्य म्हटले म्हणजे प्रथम व्यसन आणि त्याचे दुष्परिणाम डोळ्यांपुढे उभे राहतात, आणि ते स्वाभाविक आहे. फ्रान्सच्या दक्षिणेकडील खेड्यांत मात्र द्राक्षमद्य हा प्रामुख्याने शेतमाल समजला जातो. ऑलिव्हचे तेल, पाव आणि चीज यांच्याबरोबर तो जेवणाच्या मेजावर येतो आणि त्यावर गावांचा चरितार्थ चालतो. येथे आपण त्याच्याकडे याच दृष्टीने पाहणार आहोत. आपल्यापुढील प्रश्न शेतीचा आहे : ज्या वेलीला फळ कमी येते आणि जिचे फळ उशिरा पिकते, ती वेल लावणे शेतकऱ्याला कसे परवडावे? बांदोल या छोट्या प्रदेशाने आणि तेथील एका कुटुंबाने या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, ते द्राक्षशेतीच्या बाहेरही विचार करण्यासारखे आहे.

बंदर आणि डोंगरउतार

भूमध्य समुद्राच्या काठी, मार्सेय आणि तूलाँ या दोन मोठ्या बंदरांच्या दरम्यान बांदोल हे लहानसे बंदर आहे. मार्सेय हे शहर इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास ग्रीक वसाहतकऱ्यांनी वसविले. या किनाऱ्यावरील द्राक्षशेतीचा इतिहास तितकाच जुना मानला जातो. बांदोलच्या मागे अर्धवर्तुळाकार डोंगरांची रांग आहे. उत्तरेकडील थंडी ती अडविते आणि तिच्या दक्षिणेकडे उतरणाऱ्या बाजूंवर दिवसभर ऊन पडते. वर्षाकाठी सुमारे तीन हजार तास ऊन या प्रदेशाला लाभते.

हे उतार तीव्र आहेत. पाऊस फार नाही, पण शरद ऋतूत तो एकाएकी आणि जोराने कोसळतो. उघड्या उतारावरची माती अशा वेळी समुद्रात वाहून जाण्यास वेळ लागत नाही. म्हणून तेथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून उतारांच्या पायऱ्या केल्या आणि प्रत्येक पायरीच्या तोंडाशी दगडी बांध घातला. कोकणातील गडग्याप्रमाणे हे बांध चुना किंवा सिमेंट न वापरता, दगडावर दगड बसवून रचलेले असतात. जादा पाणी दगडांच्या फटींतून निघून जाते, माती मात्र मागे राहते. स्थानिक बोलीत या पायऱ्यांना ‘रेस्तांक’ म्हणतात. एखादा दगड निसटला तर तो त्याच हंगामात पुन्हा बसवावा लागतो, नाही तर पुढच्या पावसात सबंध बांध ढासळतो. बांदोलची द्राक्षशेती टिकून आहे, ती प्रथम या बांधांमुळे.

या भागातील जमीन चुनखडीची आणि चिकणमातीची आहे. तिच्यात सेंद्रिय द्रव्य कमी आणि दगड पुष्कळ. गहू किंवा भाजीपाला यांच्यासाठी ती निकृष्ट ठरेल, परंतु द्राक्षवेल अशा जमिनीत पाण्याच्या शोधात मुळे खोलवर धाडते. वायव्येकडून वाहणारा ‘मिस्त्राल’ नावाचा कोरडा, जोरकस वारा पावसानंतर घड लवकर सुकवितो. त्यामुळे बुरशीचे रोग आटोक्यात राहतात. ज्या बागाईतदाराला रासायनिक औषधे कमी वापरावयाची आहेत, त्याच्या दृष्टीने हा वारा मोठाच साहाय्यक होय.

मुर्वेद्र

या उतारांवरील प्रमुख काळे द्राक्ष म्हणजे ‘मुर्वेद्र’. मूळचे ते स्पेनमधील. तेथे त्याला ‘मोनास्त्रेल’ म्हणतात. त्याचे घड घट्ट, मणी लहान आणि साल जाड असते. मणी लहान असला की रसाच्या मानाने सालीचे प्रमाण वाढते, आणि साल जाड असली की रंग व तुरटपणा अधिक मिळतो. तांबड्या मद्यासाठी याहून अनुकूल फळ सापडणे कठीण.

परंतु ही वेल शेतकऱ्याच्या सोयीची नाही. ती उशिरा फुटते आणि सर्वांच्या शेवटी पिकते. तिला ऊन भरपूर हवे, पण मुळाशी ओलावाही हवा. मुर्वेद्रचे पाय पाण्यात आणि तोंड उन्हात असावे लागते, असे तेथील शेतकरी म्हणतात. समुद्राकडून येणारी दमट हवा आणि दक्षिणाभिमुख उतार या दोन्ही अटी पुऱ्या करतात, म्हणूनच ती बांदोलमध्ये रुजली. किनाऱ्यापासून दूर, थंड जागी ती नीट पिकतच नाही. अर्धवट पिकलेल्या मुर्वेद्रचे मद्य कडवट आणि रुक्ष लागते. शिवाय ती फळही कमी धरते.

एके काळी हा दोष फारसा जाणवत नव्हता. बांदोल बंदरातून मद्याची पिंपे जहाजांवर चढत. पिंपांवर ‘बी’ या अक्षराचा डाग दिलेला असे. लांबच्या समुद्रप्रवासात बहुतेक मद्ये आंबट होऊन जात. मुर्वेद्रचे मद्य मात्र टिके, इतकेच नव्हे तर प्रवासात सुधारे. सालीतील तुरट द्रव्ये हवेतील प्राणवायूला तोंड देत असल्यामुळे असे घडे. याचे कारण पुढे सविस्तर येईलच.

मुळांवरील कीड

१८६० नंतरच्या दशकात दक्षिण फ्रान्समधील द्राक्षवेली एकाएकी वाळू लागल्या. पाने अकाली पिवळी पडत, घड सुकत आणि दोन-तीन वर्षांत वेल मरून जाई. १८६८ मध्ये माँपेलिए येथील वनस्पतिशास्त्रज्ञ जूल-एमिल प्लांशाँ आणि त्यांचे सहकारी यांनी वेली उपटून मुळे तपासली, तेव्हा त्यांवर माव्याच्या जातीचे अतिसूक्ष्म पिवळे किडे आढळले. या किडीला ‘फायलोक्सेरा’ असे नाव आहे. अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर ती युरोपात आली होती. अमेरिकन जातींची मुळे तिचा दंश सोसू शकत. युरोपीय वेलीला मात्र तो मारक ठरे. थोड्याच वर्षांत बांदोलसह सारा प्रदेश उजाड झाला.

उपाय मिळाला तोही अमेरिकेतूनच. अमेरिकन वेलीचा खुंट लावावयाचा आणि त्यावर युरोपीय जातीचे कलम बांधावयाचे, म्हणजे मुळे किडीला दाद देत नाहीत आणि फळ मात्र हवे त्या जातीचे मिळते. आज जगातील बहुतांश द्राक्षबागा अशा कलमांवर उभ्या आहेत. महाराष्ट्रातील द्राक्षबागाईतदारांनाही हे तंत्र परिचित आहे. नाशिक, सांगली, सोलापूर या भागांत अवर्षण आणि खारवट जमीन यांना तोंड देण्यासाठी ‘डॉगरिज’ या खुंटावर कलमे बांधण्याची पद्धत गेल्या काही दशकांत रूढ झाली. हा खुंटही मूळचा अमेरिकन वेलीचाच आहे.

बांदोलमध्ये मात्र या उपायाने एक नवी अडचण उभी केली. त्या काळी उपलब्ध असलेल्या खुंटांवर मुर्वेद्रचे कलम नीट जगत नसे. आधीच फळ कमी, त्यात कलमे मरणारी. कर्जबाजारी झालेल्या शेतकऱ्याने ही जात पुन्हा का लावावी? त्याने अधिक फळ देणाऱ्या, लवकर पिकणाऱ्या जाती लावल्या. मद्य पातळ झाले, स्वस्त झाले आणि इतर ठिकाणच्या मद्यांत मिसळून विकले जाऊ लागले. बांदोल हे नाव राहिले, पण ज्या वेलीमुळे ते नाव झाले होते, ती तेथून जवळजवळ दिसेनाशी झाली.

एक जावई आणि एक जुनी बाटली

ल कास्तले या गावाजवळ ताँपिए कुटुंबाची एक बाग आहे. १८३४ पासून ती त्या कुटुंबाकडे आहे. १९३६ मध्ये या घरातील कन्या लुसी, म्हणजेच ‘लुलू’, यांचा विवाह लुसियाँ पेरो या तरुणाशी झाला. सासऱ्यांनी एकदा जावयापुढे घरच्याच बागेतील, कीड येण्यापूर्वीच्या काळातील एक जुनी बाटली ठेवली, असे त्या कुटुंबात सांगितले जाते. ते मद्य आणि आसपास मिळणारे त्या काळचे मद्य यांत काहीच साम्य नव्हते. एकाच जमिनीतून दोन इतके भिन्न रस कसे निघावेत, हा प्रश्न पेरो यांच्या मनात घर करून राहिला.

१९४० मध्ये हे दांपत्य बागेवर राहावयास आले. पेरो यांनी वृद्ध शेतकऱ्यांकडे चौकशी केली, जुन्या लागवडीची माहिती गोळा केली, आणि फरकाचे कारण मुर्वेद्र हे आहे असा त्यांचा निष्कर्ष झाला. त्यांनी आपल्या बागेत ती जात पुन्हा लावावयास घेतली. १९४३ मध्ये त्यांच्या बागेतील पहिले गुलाबी मद्य बाटल्यांत भरले गेले. तांबडे मद्य स्वतःच्या नावाने बाटलीत येण्यास १९५१ साल उजाडावे लागले. वेल लावणे, ती वाढविणे आणि मद्य मुरविणे यांत किती वर्षे जातात, हे या दोन तारखांवरूनच कळून येते. दुसऱ्या महायुद्धानंतर मुर्वेद्रला मानवणारे खुंट उपलब्ध झाले, तेव्हा या कामाला गती आली.

सर्वांसाठी एक नियम

एका बागेने चांगले मद्य केले, तरी तेवढ्याने भागत नाही. शेजारचा शेतकरी दुप्पट फळ घेऊन ‘बांदोल’ याच नावाने स्वस्त मद्य विकू लागला, तर कमी फळ घेणाऱ्याचा टिकाव लागणार कसा? पेरो आणि त्यांच्यासारखाच विचार करणारे इतर बागाईतदार यांनी हे ओळखले. फ्रान्समध्ये एखाद्या प्रदेशाचे नाव कोणत्या मद्याला लावता येईल हे ठरविणारी कायदेशीर व्यवस्था १९३५ मध्ये अस्तित्वात आली होती. तिच्यानुसार ११ नोव्हेंबर १९४१ रोजी बांदोलला स्वतंत्र मान्यता मिळाली. आठ गावांच्या हद्दीतील ठरावीक जमिनींवरच हे नाव लागू होते.

आरंभी मुर्वेद्रची अट सौम्य होती. वेलीच पुरेशा नव्हत्या, तेव्हा कडक अट घालून उपयोग नव्हता. मग दर काही वर्षांनी हे प्रमाण वाढवीत नेले. आज बांदोलच्या तांबड्या मद्यात किमान निम्मा वाटा मुर्वेद्रचा असावा लागतो. उरलेला वाटा प्रामुख्याने ग्रनाश आणि सँसो या दोन जातींचा असतो. एका हेक्टरमागे ४,००० लिटरांहून अधिक मद्य काढता येत नाही. तोडणी हातांनीच करावी लागते. वेल आठव्या वर्षात येईपर्यंत तिचे फळ तांबड्या मद्यासाठी धरले जात नाही. आणि तयार झालेले मद्य निदान अठरा महिने लाकडी पिंपांत मुरल्यावाचून विकता येत नाही.

या नियमांचे मर्म पाहण्यासारखे आहे. त्यांतील प्रत्येक नियम शेतकऱ्याला काहीतरी सोडावयास लावतो : जादा फळ, यंत्राची सोय किंवा लवकर हाती येणारा पैसा. एकट्याने असा त्याग केला तर तो बुडेल. सर्वांनी मिळून केला, तर त्या नावालाच किंमत येते आणि ती किंमत कमी उत्पन्नाची भरपाई करते. जी वेल परवडत नव्हती, ती अशा रीतीने परवडू लागली.

बागेतील वर्ष

आपल्याकडील द्राक्षवेलीला हिवाळ्याची झोप मिळत नाही. म्हणून तिची वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळासाठी. प्रोव्हाँसमध्ये थंडीत पाने गळतात, वेल निजते आणि वर्षातून एकच मुख्य छाटणी होते. आपल्या बागांत वेल मांडवावर चढविलेली असते. बांदोलच्या जुन्या पद्धतीत ती ठेंगणी, आधाराशिवाय उभी आणि चषकासारखी पसरलेली ठेवतात. छाटताना काडीवर मोजकेच डोळे राखले जातात. उन्हाळ्यात घड दाटले, तर त्यांतील काही हिरवे असतानाच कापून टाकतात. आलेले पीक आपल्या हातांनी कमी करणे नवख्या माणसाला उधळपट्टी वाटेल. पण जितके घड कमी, तितका उरलेल्यांना वेलीचा पुरवठा अधिक.

पेरो कुटुंबाच्या बागेत कृत्रिम खते आणि तणनाशके वापरली जात नाहीत. तण नांगरून काढतात आणि जमिनीला कुजलेले खत देतात. तणनाशक न वापरल्याने जमिनीतील गांडुळे व सूक्ष्म जीव जगतात, आणि वरवरची मुळे नांगराने तुटल्यामुळे वेल खोल मुळांवर अवलंबून राहते. कोरड्या वर्षी हीच खोल मुळे उपयोगी पडतात.

तथापि अशी शेती म्हणजे औषधाविना शेती, असे समजणे चूक ठरेल. भुरी आणि केवडा या बुरशीजन्य रोगांसाठी सेंद्रिय बागांतही गंधक आणि तांबे वापरावे लागते. मोरचूद आणि चुना यांचे जे बोर्डो मिश्रण आपले बागाईतदार फवारतात, त्याचा शोध १८८० नंतरच्या दशकात फ्रान्समध्येच लागला. तांबे मात्र जमिनीत साठून राहते आणि प्रमाण वाढले की गांडुळांना घातक ठरते. म्हणून युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांच्या मुदतीत हेक्टरी २८ किलोग्रॅम तांब्याची मर्यादा घातली आहे. मिस्त्राल वारा वाहतो तेथे या मर्यादेत राहणे त्या मानाने सोपे जाते. दमट वर्षी मात्र बागाईतदाराची खरी परीक्षा होते.

तळघरातील अठरा महिने

तोडलेले घड टाकीत पडले, की सालीवरील आणि तळघराच्या हवेतील किण्व आपले काम सुरू करते. साखरेचे रूपांतर मद्यार्कात होते. ढोबळमानाने एका लिटर रसातील १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क मिळतो. याच वेळी कार्बन डायऑक्साइड वायूचे बुडबुडे उठतात आणि साली वर ढकलल्या जाऊन त्यांचा जाड थर तरंगू लागतो. तो कोरडा पडू नये म्हणून खालचा रस उपसून पुन:पुन्हा वर ओततात. रंग आणि तुरटपणा रसात उतरतो तो याच दिवसांत.

तुरटपणा देणाऱ्या द्रव्यांना टॅनिन म्हणतात. हिरडा, डाळिंबाची साल आणि कडक चहा यांतही ती असतात. लाळेतील प्रथिनांशी त्यांचा संयोग होतो, म्हणून तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते. मुर्वेद्रच्या कोवळ्या मद्यात ती इतकी असतात की ते पिववत नाही. पिंपाच्या लाकडातून अगदी अल्प प्रमाणात प्राणवायू आत शिरतो. त्याच्या साहाय्याने टॅनिनचे छोटे रेणू एकमेकांशी जोडले जातात, त्यांतील काही तळाशी बसतात आणि तुरटपणा मवाळ होतो. याच प्रक्रियेत टॅनिन प्राणवायू शोषून घेते. त्यामुळे उरलेले मद्य लवकर बिघडत नाही. पूर्वीच्या जहाजी प्रवासात मद्य सुधारत असे, त्याचे रहस्य हे आहे.

पेरो यांच्या तळघरात यासाठी लहान नव्या पिंपांऐवजी हजारो लिटर मावतील अशी जुनी, प्रचंड पिंपे वापरतात. नव्या लाकडाचा वास मद्याला लागू नये आणि हवा मात्र हळूहळू मिळत राहावी, हा त्यामागील हेतू. बाटलीत भरल्यावरही हा बदल थांबत नाही. चांगल्या वर्षाचे मद्य दोन-तीन दशके टिकते.

पुढची पिढी

लुसियाँ आणि लुलू यांना सात मुले. १८०४ च्या नागरी संहितेपासून फ्रान्समध्ये वारसांत समान वाटणीचे तत्त्व रूढ आहे, आणि वाटण्यांमुळे जमिनीचे तुकडे पडण्याचे दुःख त्या देशातील शेतकऱ्यालाही आपल्याइतकेच ठाऊक आहे. या कुटुंबाने बाग एकत्र राखली. १९७४ च्या सुमारास दोन मुलांनी कारभार हाती घेतला. फ्राँस्वा यांनी बाग पाहिली, तर जाँ-मारी यांनी तळघर. २००० मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा कुटुंबाने बाहेरच्या जाणत्या व्यवस्थापकाकडे काम सोपविले. मालकी मात्र घरातच ठेवली. लुसियाँ पेरो १९९६ मध्ये वारले. लुलू २०२० मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी निवर्तल्या. जी वेल नाहीशी होत चालली होती, तिने डोंगरउतार पुन्हा भरलेले त्या दोघांनीही पाहिले.

तरीही प्रश्न सुटला आहे असे म्हणता येणार नाही. उन्हाळी पर्यटकांमुळे या किनाऱ्यावर घरांची मागणी मोठी आहे आणि जमिनीचे भाव शेतीला न परवडणारे आहेत. गुलाबी मद्य तोडणीनंतर काही महिन्यांतच विकले जाते. तांबड्याला मात्र अठरा महिने पिंपांत थांबावे लागते. साहजिकच आज बांदोलच्या एकूण उत्पादनात गुलाबी मद्याचा वाटा पुष्कळ मोठा झाला आहे. हवामान तापत आहे. द्राक्षे पूर्वीपेक्षा लवकर पिकतात आणि रसातील साखर वाढल्याने मद्यार्काचे प्रमाणही चढते. उशिरा पिकणारी, उन्हाला सरावलेली मुर्वेद्र या बदलात इतर काही जातींपेक्षा अधिक तग धरील अशी आशा आहे. पण तिच्या मुळांना लागणारा ओलावा कमी झाला, तर तिलाही ते कठीण जाईल.

बांदोलचा अनुभव सर्वत्र जसाच्या तसा लागू पडेल असे नाही. तेथील नावाला जी किंमत मिळते, ती प्रत्येक पिकाला मिळत नाही. परंतु त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. चांगली पण कमी फळ देणारी जात केवळ एखाद्या शेतकऱ्याच्या निष्ठेवर जगत नाही. तिच्यासाठी मर्यादा पाळणारे शेजारीही लागतात, आणि त्या मर्यादेचे मोल जाणून ते चुकते करणारा ग्राहकही लागतो. या दोघांपैकी एकाने जरी पाठ फिरविली, तरी दगडी बांधातील निसटलेल्या दगडासारखी गत होते. तो वेळीच बसविला नाही, तर पुढच्या पावसात मागची मातीही राहत नाही.